दर्भाचा कावळा

इंदुरी, १७ नोव्हेंबर १९६३

ती. चिंगीआक्कास नमस्कार.

आज आईचा दहावा झाला. इंद्रायणीकाठी पिंड ठेवला, पण कावळा शिवेना.

आक्का असं मी आज पहिल्यांदाच लिहितोय. मुलगा म्हणून, शिदू या नावानं शाळेत घातलेल्या तुला वेणी घालताना आई चिंगी म्हणायची, ते फक्त मला माहीत. पुढे तू लुगडं नेसून दारात आलीस आणि काकांनी तुला हाकललं, तेव्हा मी दाराआडून बघत होतो.

शेवटच्या दिवसांत आई म्हणायची, "चिंगीला घरी आणा." मावशी म्हणे, "कोण चिंगी? भ्रम झालाय तिला."

घाटावर जो तो आईला शब्द देत होता. काका म्हणाले, "वैनी, म्हस इकणार न्हाई." कावळा झाडावरच. मग ते मला म्हणाले, "निवृत्ती, आता तू बोल रं." तुला घरी आणीन, एवढंच म्हणायचं होतं. काका शेजारी उभे होते.

"माझं काय न्हाई," मी म्हणालो.

शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवला आणि सगळे जेवायला बसले.

तुझा पत्ता माझ्याकडे नाही. आईनं तुझ्यासाठी घेतलेलं हिरवं लुगडं पेटीत सापडलं. पाहुणे गेल्यावर ते उन्हात टाकलं होतं. आता ऊन उतरलंय, घडी करून ठेवतो.

तुझा धाकटा भाऊ,
निवृत्ती