चुका रचण्याचे काम

१४ जानेवारी २००८, लंडन, ओंटारिओ

सूनबाईंनी आज माझ्याकडे चुका मागितल्या! यामिनी विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी शोधाचे सॉफ्टवेअर तयार करते. वाचकाने शब्द टाईप करावा, संगणकाने ग्रंथ व शोधनिबंध पुढे करावेत. मराठी ग्रंथांपाशी मात्र यंत्र हात वर करते. कारण वाचक 'कवियत्री' असे टाईप करतात.

"बाबा, लोक काय काय चुकीचं लिहितात ते सांगा ना. मी सिस्टिमला फीड करते."

स्वच्छ नकार दिला. शब्द 'कवयित्री' असा आहे. ज्याला तो लिहिता येत नाही, त्याने आधी तो शिकावा. मग पुस्तक मागावे.

"बाबा, सर्च म्हणजे एक्झाम नाही हो!"

१६ जानेवारी

दिवसभर बर्फ. शेजारचे गृहस्थ फावड्याने बर्फ उपसता उपसता हात हलवतात, मीही हलवतो — एवढाच संवाद. चिरंजीव नंदन नोकरीपायी आठवडाभर दूर वॉन शहरी, शनिवारी येणार. पत्नी शीला हयात असती, तर निदान भांडण तरी झाले असते.

यामिनी घरी येताच म्हणालो, "आण तुझे ते यंत्र."

२१ जानेवारी

विचित्र काम! मुद्रितशोधक म्हणून जन्मभर इतरांच्या चुका काढल्या. आता चुका रचायच्या! आशिर्वाद, पारंपारिक, उध्वस्त — लिहिताना हात अडखळतो.

जुन्या पुस्तकांची अडचण निराळीच. त्यांच्या नावांत 'कांहीं', 'नाहीं' असे अनुस्वार आहेत, आणि त्या काळी ते शुद्धच होते. यंत्राने त्यांना चूक म्हटलेले मी खपवून घेणार नाही, असे बजावले. यामिनीने वेगळा रकाना केला — 'जुने शुद्ध'.

"बाबांसाठी स्पेशल कॉलम!" म्हणाली, आणि हसली. या घरात बऱ्याच दिवसांनी कोणी हसले.

४ फेब्रुवारी

जेवणानंतर यामिनी व मी टेबलाशी बसतो. दुपारपासूनच मी त्या वेळेची वाट पाहू लागतो, हे येथे लिहिण्यास हरकत नाही. काम संपत आले असावे. ती तसे म्हणत नाही. मी विचारत नाही. संपले, की ती पूर्वीप्रमाणे ताट घेऊन वरच्या खोलीत जाईल. मग मी, आणि टीव्हीवरचे हवामान.

१० फेब्रुवारी

नंदन काल आला, आज दुपारीच परत निघाला — वादळाचा इशारा आहे म्हणे.

"बाबा, ऑल गुड?"

"ऑल," म्हणालो. 'गुड' तेवढे गाळले.

मोटार वळून दिसेनाशी झाली, तरी यामिनी खिडकीशी उभी होती. मी चहा टाकला.

२५ फेब्रुवारी

आज तिने 'पाणी' हा शब्द आणला! "लोक 'पाणि' लिहीत असतील का हो?" असल्या शब्दासाठी इतका वेळ! कामात शिस्त उरलेली नाही, असे सुनावले.

"सॉरी बाबा. उद्या कठीण आणते."

२६ फेब्रुवारी

'उपरिनिर्दिष्ट' आणला. समाधान झाले.

५ मार्च

बसने ग्रंथालयात गेलो. काउंटरवरील व्हेरॉनिका मूळची वसईची. माझ्या कार्डावरील आडनाव वाचून मराठीतच बोलू लागली.

"अंकल, तुम्ही यामिनीचे सासरे ना? तुमचा मराठी सर्च मस्त चालतो हां! चुकीचं टाईप केलं तरी बरोबर पुस्तक देतो."

"अजून काम पूर्ण व्हायचे आहे," मी म्हणालो.

"काय सांगता! फेब्रुवारी लागल्या लागल्याच ते क्लोज झालं की. यामिनी आता केमिस्ट्रीच्या जर्नल्सवर आहे."

येताना दोन थांबे पुढे गेलो.

६ मार्च

जेवणानंतर यामिनी नेहमीप्रमाणे शब्द घेऊन बसली. मीही चष्मा लावून बसलो. तिने लिहिलेल्यात एक चूक दिसली — ढळढळीत, ह्रस्व-दीर्घाची. राहू दिली. उद्या बसायला काहीतरी हवे.