चौकटीत राहावं

बाबा, तुम्हाला जाऊन पस्तीस वर्षं झाली. तुमच्या सुतारकामाचं कौतुक अजून कुणीतरी करतं, आणि मी गप्प राहते.

मांडवीला तो बंगला बांधला जात होता, त्या वर्षी मी दहावीत होते. चौकटींचं काम तुमच्याकडे होतं. नकाशा तुम्हाला वाचता येत नव्हता, म्हणून संध्याकाळी पडवीत तो पसरून तुम्ही मला हाक मारायचात. एकदा मी म्हटलं, "बाबा, मागचं दार आणि न्हाणीघराचं दार एकमेकांवर आपटतील." तुम्ही जमिनीवर दोन फळ्या मांडून पाहिल्यात, आणि नकाशा गुंडाळून ठेवलात. दुसऱ्या दिवशी बंगल्याच्या मालकांना ती चूक दाखवून म्हणालात, "माझ्या नजरेतून चूक सुटत नाही." मी तिथेच उभी होते, तुमचा डबा घेऊन. खरं सांगायचं तर तेव्हा मला बरंच वाटलं होतं.

निकाल लागल्यावर मी नकाशे काढायच्या कोर्सचा फॉर्म आणला. गावातच होता, चालत जाण्याजोगा. तुम्ही फणसाच्या लाकडाला रंधा मारताय. हात न थांबवता म्हणता, "मुलीच्या जातीनं चौकटीत राहावं."

आई म्हणते, "सही तेवढी करा हो. हुशार आहे ती."

"म्हणूनच नको."

ते 'म्हणूनच' मला अजून झोंबतं. भिंतीतून माणसाला ये-जा करता यावी म्हणून जन्मभर चौकटी केल्यात तुम्ही, आणि तोच शब्द मला कोंडायला वापरलात. दोन वर्षांनी मला देवरूखला दिलंत. तिथे मी लोकांचे कपडे शिवले. नकाशा पुन्हा हातात घेतला नाही.

तुम्ही आजारी पडलात तेव्हा दादा मला न्यायला आला. ओटीवर उभ्या उभ्याच म्हणाला, "सारखं तुझं नाव घेतायत. आत्ताच चल." मी म्हटलं, "पोरीला ताप आहे. तू हो पुढे, मी उद्या येते." दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले, तोवर तुम्हाला नेलं होतं. आई म्हणाली, "तुला काहीतरी सांगायचं होतं गो त्यांना. आम्हाला नाही सांगितलं."

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. पोरीला ताप नव्हता, बाबा. ती आत शांत झोपली होती.