निवर्तमान अध्यक्ष

३ नोव्हेंबर, सकाळी

आजपासून रोजनिशी. ही वही कोणी वाचायची नाही. बायकोने, म्हणजे भाविकाने, तर मुळीच नाही. तरी उद्या कोणाला माझं चरित्र लिहावंसं वाटलं तर साहित्य तयार असावं, म्हणून मुक्काम पोस्ट बोर्डी, व्यवसाय चिकूची वाडी, एवढं नोंदवून ठेवतो. खरी ओळख अर्थात वेगळी: मानद अध्यक्ष, भारतीय आपद्बांधव सोसायटी, डहाणू-तलासरी शाखा. पूर, वादळ, आग, भूकंप, जिथे संकट तिथे आम्ही. म्हणजे आधी आमची माणसं, मग फोटोच्या वेळेला मी.

लोकांना अजून सोसायटीचं महत्त्व कळत नाही. कालच एकजण खताच्या गोणी आल्या का विचारून गेला.

संकल्प: जानेवारीत दिल्लीच्या राष्ट्रीय कौन्सिलवर नवीन माणसं घेणार आहेत, त्यात जायचं. त्यासाठी हिंदी सुधारायची. रोज सकाळी बीचवर चालायचं.

३ नोव्हेंबर, रात्री

चालणं उद्यापासून. हिंदी तशी येतेच. हायवेवरचे ट्रकवाले मला यूपीचा समजतात, असं मला वाटतं.

८ नोव्हेंबर

दिल्लीहून झूमवर ट्रेनिंग. विषय गुड गव्हर्नन्स. मॅडम फार हुशार. त्यांचं म्हणणं, अध्यक्षाने फक्त दिशा दाखवावी, रोजच्या कामात हात घालू नये. मी तर इतकी वर्षं हेच करतोय. कधी कशात हात घातल्याचं आठवत नाही. भाविकाला मुद्दाम ऐकवलं. ती म्हणाली की घरातही माझं गव्हर्नन्स पहिल्यापासून गुडच आहे. बायको असून कबूल केलं, याचं कौतुक वाटलं.

१४ नोव्हेंबर

दिल्लीचा नवीन नियम येतोय. एका पदावर तीन टर्मपेक्षा जास्त कोणी राहायचं नाही. शाखांची मतं मागवली होती. मी खास अनम्यूट होऊन कडकडीत पाठिंबा दिला. खुर्चीला चिकटून बसणाऱ्यांमुळेच संस्थांची वाट लागते, असं सुनावलं. डोळ्यासमोर अर्थातच आमचा कार्यवाह, डॉक्टर ऋषभ. डहाणूत दातांचा दवाखाना आहे त्याचा. शाखा निघाल्यापासून पदाला असा चिकटलाय की त्याच्याच पकडीने उपटावा लागेल.

मीटिंग संपल्यावर त्याने फोन करून विचारलं की मी तो नियम नीट वाचलाय ना. म्हटलं, मीच तर उचलून धरला. तो बराच वेळ हसला. जळफळाट लपवायची एकेकाची पद्धत असते.

मला नियम लागू होत नाही. मी मानद आहे. शिवाय माझ्या तीन टर्म झालेल्याच नाहीत, पहिलीच चालू आहे. ती जरा लांबली, एवढंच.

२१ नोव्हेंबर

तलासरीकडच्या गावांत पुन्हा जमीन हलायला लागली. इथे जाणवलं नाही.

रोशनी मॅडमचा फोन. तिकडच्या आश्रमशाळेत शिकवतात, शाखेच्या उपाध्यक्षा आहेत. म्हणाल्या, भांडी फळीवरून खाली येतायत, भिंतींना तडे गेलेत, माणसं पोरंबाळं घेऊन थंडीत उघड्यावर झोपतायत. आपल्या डहाणूच्या गोडाऊनमध्ये तंबू पडून आहेत, ते काढा.

गोडाऊनची किल्ली माझ्याकडे असते. कंट्रोल एका हातात असलेला बरा. मी त्यांना शांतपणे समजावलं की वाटप रीतसर, समारंभ करून होईल. दिल्लीचे महासचिव पुढच्या महिन्यात येतो म्हणालेत. त्यांच्या हस्ते झालं तर शाखेचं नाव थेट कौन्सिलपर्यंत जाईल. रोशनी मॅडमनी विचारलं की महासचिवांची तारीख जमिनीला कळवलीय का. शिक्षकी पेशा, तोंड चालायचंच.

२ डिसेंबर

महासचिवांना चिकूच्या चार पेट्या पाठवल्या. दिल्लीपर्यंत टिकावेत म्हणून अगदी कडक काढायला लावले. पोचेपर्यंत बरोब्बर पिकतील. कौन्सिलचं काम झाल्यात जमा.

बीचवर चालणं थंडीमुळे स्थगित.

९ डिसेंबर

दिल्लीहून निरोप. बटाटे मिळाले म्हणे, धन्यवाद, पण शिजायला फार वेळ लागतो.

महासचिवांचं येणं पुढे ढकललंय. आता १० जानेवारी. रोशनी मॅडमना कळवलं. त्यांनी फोनच ठेवून दिला. रेंज नसेल.

१५ डिसेंबर, संध्याकाळी

आधी हे लिहितो, जेवण नंतर.

आज झूमवर देशभरातल्या शाखा होत्या. महासचिवांनी नाव घेऊन माझा विशेष उल्लेख केला. म्हणाले, डहाणू-तलासरी के निवर्तमान अध्यक्ष जतीनजी. सगळ्या चौकोनांतून टाळ्या. पुढचं मी ऐकलं नाही, भाविकाला बोलवायला गेलो होतो.

निवर्तमान! नुसता अध्यक्ष वेगळा आणि निवर्तमान अध्यक्ष वेगळा. वर्तमान म्हणजे आत्ताचा, ते कोणालाही कळतं. नि हा जोर देण्यासाठी. निखालसमधला नि. म्हणजे निखालस आत्ताचा. दिल्लीने पद कायम केलं, वर मानही वाढवला. बटाटे काही वाया गेले नाहीत.

१६ डिसेंबर

तलासरीला तुक्याच्या फ्लेक्सच्या दुकानात जाऊन आलो. पाचशे व्हिजिटिंग कार्डं, वर नाव, खाली सोनेरी अक्षरांत 'निवर्तमान अध्यक्ष'. एक मोठा बॅनरही. तुक्याने विचारलं, शब्द दिल्लीचाच ना, परत बदलून मिळणार नाही. म्हटलं, बेधडक छाप. बॅनरचा फोटो शाखेच्या ग्रुपवर टाकला.

१८ डिसेंबर

ग्रुपवर इतके नमस्कार आणि फुलं आली की फोन गरम झाला. एवढी माया लोकांनी कुठे दडवून ठेवली होती कोण जाणे.

२० डिसेंबर

वरोरच्या गोदूबाई सुके बोंबील घेऊन घरी आल्या. तिथल्या मासळीवाल्या बायकांच्या पुढारी आणि आमच्या जुन्या सभासद. म्हणाल्या, जतीनभाई, असं आपणहून करायला मन मोठं लागतं, आमच्याकडचे तर खुर्चीसकट उचलावे लागतात. मी नम्रपणे सांगितलं की माझं काही नाही, दिल्लीचाच आग्रह. जाताना पदराने डोळे पुसत होत्या. बोंबलांचा वास असेल, पण भावनाही होतीच.

ऋषभही आला. हात हातात घेतला, बराच वेळ सोडेना. म्हणाला, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती, तू मला लाजवलंस, मीही कार्यवाहपद सोडतोय. मत्सर माणसाला कुठवर नेतो बघा. मी त्याला थांबवलं नाही.

संध्याकाळी रोशनी मॅडमचा फोन. तंबूंवरून मनात माझ्याविषयी वाईट आलं होतं, माफ करा म्हणाल्या. आता माझ्याकडून जमेल तसं करीन, तुम्ही पाठीशी राहा. मी तोंडभरून आशीर्वाद दिला आणि सांगितलं की माझ्या हाताखाली असंच काम करत राहा. मग म्हणाल्या, हो, तुमचं मार्गदर्शन राहीलच.

एकूण बाई सुधारतायत.

२७ डिसेंबर

आजचा धक्का बोर्डीपर्यंत आला. शोकेसमधली सन्मानचिन्हं पडली. एकाचं पितळी कबूतर निखळलं.

आमच्या वाडीत सोमी कामाला आहे. तिचं घर तलासरीकडे डोंगराला लागून. त्याची एक भिंत बसली. कोणाला लागलं नाही. भाविकाने कोणाला न विचारता तिला आणि तिच्या नातवंडांना आमच्या चिकूच्या शेडमध्ये आणून ठेवलं. मग मला म्हणाली, एक तंबू काढून द्या, तिला घराजवळ राहून भिंत बांधून घेता येईल.

मी म्हटलं, घरच्या माणसाला आधी दिला तर ते गव्हर्नन्सच्या विरुद्ध. नियम सर्वांना सारखा. दहा जानेवारीला सर्वांना एकदम मिळेल. भाविका उठून गेली. रात्री जेवायला आमटी होती, पण तिच्यात मीठ नव्हतं. मागितलंही नाही.

शेडमधून नातवंडांचं खोकणं इथवर येतं. खिडकी लावून घेतली. मग जरा वेळाने उघडली. हवा कोंडत होती.

३० डिसेंबर

गोडाऊनला जाऊन एक तंबू काढावा असं सकाळी मनात आलं होतं. स्कूटर डहाणूच्या फाट्यापर्यंत नेलीही. पण महासचिव समोर असताना एक कमी भरला तर काय उत्तर देणार. परत आलो. येताना नातवंडांसाठी बिस्किटं आणली. ती सोमीकडे भाविकाने दिली, मी आणली हे न सांगता.

५ जानेवारी

महासचिव येत नाहीत. मोबाइलवरून संदेश देतील. कार्यक्रम मात्र ठरल्याप्रमाणे, तलासरीला. पत्रिका ऋषभने छापली आहे, आत 'पदग्रहण आणि तंबूवाटप' असं आहे. माझं पदग्रहण पहिलं घातलं, बरं केलं.

भाषण तयार. पहिलं वाक्य: ही मोठी जबाबदारी स्वीकारताना माझं मन भरून आलं आहे.

१० जानेवारी, सकाळी

कोट घातला. जरा आवळतो. निघताना भाविका इतक्या दिवसांनी आपणहून बोलली. विचारलं, तुम्हाला नक्की चालणार आहे ना हे सगळं, मनाला लावून नाही ना घेणार. मी सांगितलं, मोठेपणाची सवय करून घ्यावी लागते. तिने कोटाची कॉलर नीट केली. डोळ्यांत काहीतरी होतं. अभिमान असावा.

१० जानेवारी, संध्याकाळी

थोडक्यात लिहितो.

हॉल गच्च भरला होता. पाड्यापाड्यांवरून माणसं आली होती. मागे माझा बॅनर. मधल्या खुर्चीत रोशनी मॅडम बसल्या होत्या, मला बाजूची दिली. बॅनर लावायला आलेल्या तुक्याला मी खूण केली की चूक झालीय, खुर्च्या बदल. तो हसला आणि त्याने मला नमस्कार केला.

ऋषभ बोलायला उभा राहिला. म्हणाला, आपले मावळते अध्यक्ष. मी मागे वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून. मागे बॅनर होता. बॅनरवर मी होतो.

त्याने सगळं सांगितलं. दिल्लीचा तीन टर्मचा नियम, त्याला सर्वांत आधी पाठिंबा देणारा मी, आणि नियम लागू होताच त्याचं पालन करणारा पहिला अध्यक्षही मीच. निवर्तमान, म्हणजे पद सोडून जाणारा, हा शब्द स्वतःच्या हौसेने, सोनेरी अक्षरांत छापून घेणारा माणूस उभ्या देशात दुसरा नसेल, असंही म्हणाला. सगळे उठून उभे राहिले. गोदूबाई पुन्हा रडल्या. या वेळी बोंबील नव्हते.

शाल घातली. नारळ दिला. मग रोशनी मॅडमनी माझ्यापुढे हात केला. किल्लीसाठी.

भाषण खिशात होतं. हा सगळा गैरसमज आहे, एवढं मी उठून म्हणू शकलो असतो. पहिल्या रांगेत सोमी बसली होती. मांडीवरचं पोर खोकत होतं.

किल्ली स्कूटरच्या किल्लीबरोबर एकाच कडीत होती. निघेना. बोटं सारखी घसरत होती. एवढा हॉल, पण कोणी घाई केली नाही. त्यांना वाटलं, मला जड जातंय. ते खरंच होतं. खूप जड गेलं.

टेम्पो दाराशी उभा करूनच ठेवला होता. रोशनी मॅडम हार गळ्यात तसाच ठेवून ड्रायव्हरशेजारी बसल्या. त्यांच्यामागे हॉल रिकामा झाला. महासचिवांचा संदेश मोबाइलवर चालू होता, तो मी आणि भाविकाने शेवटपर्यंत ऐकला. त्यात माझं नाव होतं.

वाटप अंधार पडायच्या आत झालं म्हणे. हस्ते कोणाच्याच नाही. ज्याला हवा त्याने टेम्पोतून उतरवून घेतला.

खूप वाईट वाटलं. खुर्चीचं वाटलंच. पण तंबू दोन तासांत वाटून झाले, त्याचं जास्त वाटलं.

११ जानेवारी

शेड रिकामी. सोमी तंबू घेऊन पहाटेच गेली. खिडकी उघडी ठेवून झोपलो, तरी झोप लागली नाही. खोकण्याचा आवाज नव्हता.

रोशनी मॅडमचा फोन आला होता. मार्गदर्शन हवंय म्हणाल्या, गोडाऊनचं कुलूप गंजलंय, तुम्ही कोणतं तेल घालायचात. मी कधी घातलंच नव्हतं. खोबरेल सांगितलं.

आमटीत मीठ होतं.

जेवण झाल्यावर भाविका कपाट आवरत होती. कार्डांचा गठ्ठा हातात घेऊन म्हणाली, एवढी उरलीत, रद्दीत देऊ का. मी एक काढून पुन्हा वाचलं. म्हटलं, राहू देत. मजकूर बरोबर आहे.