तळ्यातला साबण

शनिवार, दिवेलागण

आज भांडलोच. रानातल्या तळ्याकाठी आमचे तंबू; तिथे वीज नाही, नळ नाही, हे पाहुण्यांना मी फोनवर दोनदा सांगतो. कळशीने पाणी वर आणून भांडी झाडाखाली घासायची, हेही. तरी पुण्याच्या बाईंनी पातेली थेट तळ्यात बुडवून साबण लावला. ज्या पायरीवर आम्ही चपलासुद्धा नेत नाही, तिथे! सगळा गाव तेच पाणी पितो. मी अडवलं, तर माझा दादाच खेकसला, "गप रव रे, गिरायक आसा ता!"

"मगे आपली आये खंयचा पाणी पिता?" मी विचारलं.

बाई ओशाळून कळशी शोधू लागल्या. जास्त बोललो का? नाही. साबणाचा फेस कमळांपर्यंत गेला होता.

दादा रुसलाय. रुसू दे. उद्या त्याच पाण्याचा पहिला चहा त्यालाच देणार.