पंपाचा कंडेन्सर आणि अक्कांची गाणी

जळगाव, चैत्र वद्य षष्ठी

आदरणीय रुपचंद नाना यांस,

जळगावहून प्रेमराजचा नमस्कार. साष्टांग घातला असता, पण सध्या कंबर धरली आहे (का धरली, ते पुढे येईलच), म्हणून उभ्याउभ्याच मानून घ्यावा. तुमचा गुडघा कसा आहे? पुनमवहिनींची शुगर? धुळ्यात कुलर पुरतो का? इथे सकाळी नऊलाच अंगणातली फरशी पाय टेकू देत नाही. आम्ही सुखरूप आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. फोन करायचं तीनदा मनात आलं. पण गेली दोन वर्षं फोनवर तुम्ही "हं" म्हणता, मी "बरं" म्हणतो, आणि मग दोघंही रेंज नाही असं सांगून सुटतो. पत्रात निदान मधेच कोणी "हं" म्हणत नाही. हे पत्र मी रत्नाला न सांगता लिहितो आहे. ती गच्चीवर कुरडया घालते आहे, तेवढ्यात उरकायला हवं.

तर मूळ मुद्दा असा की... पण मूळ मुद्द्याआधी स्पीकरचं सांगून टाकतो, नाहीतर तो घोळ डोक्यात राहील आणि धड काहीच लिहून होणार नाही. आपण दोघांनी सुरतेहून आणलेला होम थिएटरचा संच तुम्हाला आठवत असेलच. त्यातले दोन उभे स्पीकर अजून माझ्याकडे आहेत (एसटीत त्यांची दोन तिकिटं काढली होती आणि ते खिडकीशी बसले म्हणून तुम्ही धुळ्यापर्यंत उभे आला होतात). त्यांच्यावर रत्ना एकच गोष्ट ऐकते, ती म्हणजे तुमच्या आईची, अक्कांची आखाजीची गाणी. तुम्हीच एका अक्षय्य तृतीयेला निंबाखाली झोक्याशेजारी टेपरेकॉर्डर धरून ती भरून घेतली होती. अक्का जाऊन सहा वर्षं झाली, तरी चैत्र लागला की आमच्या घरात त्या गातात. गेली दोन वर्षं जरा जास्तच गातात, कारण दोन वर्षं धुळ्याहून मुराळी आलेला नाही, आणि माहेरचं माणूस न्यायला आल्याशिवाय आखाजीला जायचं नाही हे तुमच्या बहिणीचं तत्त्व आहे. मुराळी का आला नाही, ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. तुमच्या वास्तुशांतीला माझी जीभ घसरली. त्यावर या पत्रात मी एक अक्षरही बोलणार नाही.

यंदा गाणी लावली, तर अक्का गोधडीच्या आतून गात होत्या. शब्द कळेनात. रत्ना स्पीकरच्या जवळ सरकली, आणखी सरकली, आणि शेवटी जाळीला कान लावून बसली. ते मला बघवेना. मी तडक गफूरभाईंकडे गेलो (आमच्याच गल्लीतले रेडिओ दुरुस्तीवाले, माणूस कमी बोलतो आणि खरं बोलतो). ते म्हणाले, स्पीकरच्या पोटात क्रॉसओव्हर नावाची एक पाटी असते. जाड आवाज खालच्या मोठ्या पडद्याकडे आणि बारीक आवाज वरच्या छोट्या ट्वीटरकडे धाडणं हे तिचं काम. त्या पाटीवरचे कंडेन्सर वीस वर्षांत सुकतात, मग बारीक आवाज वर पोचतच नाही. नवे, चांगल्या जातीचे टाका, पण आकडा तोच ठेवा. हे त्यांनी तीनदा सांगितलं.

तीनदा सांगितलं आणि तीनदा ऐकलं, हे कबूल करतो. पण नाना, मी चोपड्याच्या केळीत वाढलेला माणूस. विहिरीवरची मोटर नुसतीच गुरगुरली आणि उचलेना, की आपण काय करतो? मोठ्या आकड्याचा कंडेन्सर लावतो, आणि मोटर उचलते. पाटीवर आकडा होता चारच्या आसपास. माझ्याकडे माळ्यावर पंपाचे दोन शिल्लक होते, छत्तीसचे. अक्का आता निदान आठपट मोकळ्या गातील, अशी माझी खात्री. एकेक स्पीकर उचलून दिवाणावर घेतला (कंबर इथे गेली), मागचे पेच काढले आणि जुने कंडेन्सर कापून टाकले. जुना होता शेंगदाण्याएवढा आणि पंपाचा होता चांगला केळ्याएवढा, म्हणून तो पोटात मावेना. मग मागच्या भोकातून वायरी बाहेर काढून त्याला सुतळीने पाठीवर बांधला. लांबून दोन्ही स्पीकर फवारणीला निघाल्यासारखे दिसत होते. पण मला काय, मी खूश.

पहिली ओळ अशी खणखणीत आली की शेजारच्या मंदाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. दुसऱ्या ओळीला खरखर झाली, तिसरीला जळका वास आला, आणि चौथीपासून अक्का फक्त खालच्या मोठ्या पडद्यातून रांजणात बोलल्यासारख्या घुमू लागल्या. ट्वीटर गेले, दोन्ही गेले. नको तो जाड आवाज त्या बिचाऱ्यांच्या अंगावर मीच सोडला होता. रत्नाने मंदाबाईंना चहा दिला, मला दिला नाही. गफूरभाई आले, त्यांनी पाठीवरची सुतळी पाहिली, स्पीकरभोवती एक फेरी मारली आणि शांतपणे विचारलं, "प्रेमराजभाई, कुआँ कहाँ है?"

त्यांनी कुठल्याशा जुन्या संचातून जुळणारे ट्वीटर आणले, प्लायच्या तुकड्यावर योग्य आकड्याचे कंडेन्सर बसवले, आणि घाईत होते म्हणून दुसऱ्या स्पीकरच्या दोन वायरी जोडण्याचं काम माझ्यावर सोपवून गेले. दोनच वायरी, एक लाल आणि एक काळी. आता अक्का सोफ्याच्या उजव्या टोकाला बसलं की येत, डाव्या टोकाला बसलं की येत, आणि मधोमध बसलं की नाहीशा होत. मी सोफा चारही भिंतींना लावून पाहिला. पंखा बंद केला, पडदे काढले, पडदे परत लावले. एक दिवस जेवायचंही विसरलो. शेवटी गफूरभाईंना फोन केला. ते म्हणाले, एका स्पीकरच्या वायरी उलट्या आहेत, एक पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, दोघं एकमेकांना खातात आणि मधे बसलेल्याला काहीच मिळत नाही. फोन ठेवल्यावर मला कसंसंच झालं, नाना. मधे रत्ना बसली होती.

वायरी सुलट्या केल्या. आता आवाज असा आहे की झोक्याच्या कड्यांची कुरकुर वेगळी ऐकू येते, अक्का मधेच श्वास घेतात तोही. मी रत्नाला बरोबर मधे बसवलं. तिने दीड गाणं ऐकलं, पदराला हात पुसले आणि उठली. म्हणाली, "आवाज झकास शे. पन ही गाणी झोकावर म्हनतस, सोफावर नही." आणि गच्चीवर गेली, ती अजून तिथेच आहे. मी दुपारपासून हातात पेचकस घेऊन घरभर फिरतो आहे आणि आवळायला काही उरलेलं नाही.

वहिनींना नमस्कार, तुमच्या लेकीला, भूमिकाला आशीर्वाद. कागद संपत आला, तेव्हा थोडक्यात आवरतो.

तुमचा,
प्रेमराज

ता. क. वास्तुशांतीला तुमच्या नव्या साउंडबारला मी सगळ्या पाहुण्यांसमोर "पत्र्याच्या डब्यात कोंडलेला भुंगा" म्हणालो. चूक माझी. तुम्ही तो हौसेने लावला होता आणि सगळ्यांत आधी मलाच ऐकवायला थांबला होतात. माफ करा. (आवाज तसाच होता, ही गोष्ट वेगळी. हा कंस वाचू नये.)

ता. क. दोन. पत्र लिहिण्याचं कारण एवढंच, की आखाजीला मुराळी धाडा. राग माझ्यावर ठेवा, हवा तितकी वर्षं ठेवा, पण तिला न्या. मला बोलवायची गरज नाही. मी इथे मजेत राहीन, स्पीकरचं थोडं काम बाकी आहे.

दादा, मी रत्ना. पाकीट चिकटवाले यास्नी भातनं शीत मांगं, तव्हय बठ्ठं पत्र वाची लिधं. वहिनीनं नि मनं कधीनंच ठरी गयं. मंगळवारे भूमिकाच गाडी लिसन येस, पोरगी मुराळी. यासले आजून सांगं नही. आखाजी पोरीस्नी, तठे जवाईनं काम नही, माहीत शे मले. तरी यंदा यासले बी बलाव. मले मायनी आठवण येस. यासले तुनी येस.