डाव्या हाताचं धनुष्य

१७ फेब्रुवारी १९५८

नावघराच्या माळ्यावर एक धनुष्य सापडलं. फाटक्या शिडात गुंडाळून, छपराच्या वाशामागे खुपसून ठेवलेलं. ठेवलेलं नाही — लपवलेलं.

माळ्यावर माझ्या नवऱ्याशिवाय, आयलेवशिवाय, कोणी जात नसे. तो गेला त्याला येत्या हेमंतात दोन वर्षं होतील. जाळी ओढताना बोटीतून पडला. ज्याच्या हातून कधी दोर सुटला नाही त्याच्या हातून त्या दिवशी कसा सुटला, ते कोणालाच कळलं नाही. तेव्हापासून मी ती शिडी चढले नव्हते. आज चढले, कारण माझ्या दिराला, मोन्सला, बोट हवी आहे आणि वल्ह्यांची एक जोडी वर होती.

धनुष्य अर्धवट आहे. आणि जुनिपरचं! कापड सोडलं तसा वास आला, दुधाची भांडी धुवायला जुनिपरच्या डहाळ्या घालून पाणी उकळतो, त्याला येतो तो. जुनिपरचे कुंपणाला खुंट करतात, बिअरमध्ये डहाळ्या घालतात, मटणाला धुरी देतात. झुडपाचं धनुष्य कोण करतं? इथले पुरुष एल्मच्या झाडाचं करतात, आपल्या उंचीएवढं. आयलेवचं अजून पडवीत टांगलेलं आहे. त्याच्या वरच्या टोकाला माझा हात पोचत नाही. हे माझ्या छातीलाही लागत नाही.

आम्हाला मूल नाही. मग एवढंसं धनुष्य कोणासाठी?

१८ फेब्रुवारी

मोन्स बोट बघायला आला. कॉफी ओतली आणि धनुष्य टेबलावर ठेवलं, मुद्दाम, चीजच्या शेजारी. त्यानं उचललं, जरासं वाकवलं.

"हे बायकी आहे, वहिनी," म्हणाला. "चुलीत घाल. घराला वास तरी बरा येईल."

हसला. पण मोन्स थट्टा करतो तेव्हा समोरच्याचं तोंड बघतो, हसला की नाही ते. आज खिडकीबाहेर बघत होता.

जाताना दगडाचं बोलला. आयलेवच्या कबरीवर अजून लाकडी खूणच आहे. दगड कोरणारा ईस्टरपर्यंत कामं घेतोय, त्यानं विचारलंय: आयलेवच्या नावाखाली माझ्या नावाला जागा सोडायची ना? सोडायची, म्हटलं. हे काय विचारणं झालं!

२१ फेब्रुवारी

मुठीच्या वर, बाण जिथून सरकतो तिथे, सीलच्या कातड्याचा तुकडा चिकटवलाय. लाकूड झिजू नये म्हणून सगळेच चिकटवतात. आज दारात, उजेडात धरून बघितलं. तुकडा उजव्या अंगाला आहे.

पडवीतलं एल्मचं खाली काढलं. त्याच्यावर डाव्या अंगाला. मोन्सच्याही डाव्याच अंगाला असतो. उजव्या अंगाला असायला दोरी डाव्या हातानं ओढणारा, डावखुरा माणूस हवा.

२२ फेब्रुवारी

या किनाऱ्यावर डावखुरी एकच. राग्ना.

२५ फेब्रुवारी

राग्ना धक्क्यावरच्या दुकानाच्या माडीवर राहते, शिवणकाम करते. आम्ही एका वर्गात होतो. मास्तर तिच्या डाव्या हातावर पट्टी मारायचे, तरी तो हात वळला नाही. लग्न केलं नाही तिनं. का केलं नाही, याचा मी आजवर विचारही केला नव्हता.

आज मंगळवार. शेवटच्या उन्हाळ्यात आयलेव दर मंगळवारी धक्क्यावर जायचा. जाळ्याचा दोरा आणतो, म्हणायचा. दर आठवड्याला कोणत्या जाळ्याला एवढा दोरा लागतो? मी कधी विचारलं नाही.

त्याच उन्हाळ्यात त्यानं नवे सदरे शिवून घेतले, राग्नाकडून. बिनबटणांचे, डोक्यावरून घालायचे. जुने धड होते, माझ्या हातचे. "कोणासाठी नटतोस रे म्हाताऱ्या?" मी थट्टेनं म्हटलं होतं. तो हसला नाही. उठून बाहेर गेला.

हे सगळं माझ्या डोळ्यांपुढे होतं. मी बघत होते आणि वाचता येत नव्हतं मला. पुस्तकं तेवढी वाचत बसले.

१ मार्च

चुलीचं झाकण काढून आत घातलंच होतं. पुन्हा ओढून काढलं. जळालं तर मला कधीच काही कळणार नाही.

पुरं करणार. पुरं करून तिच्या हातात देणार आणि तिचं तोंड बघणार.

४ मार्च

ग्रंथालयाची पेटी आगबोटीनं आली. जुन्या शिकारी हत्यारांवरचं एक पुस्तक मागवलं होतं, ते आलं. जुनिपरबद्दल दोनच पानं आहेत. उतारावरचं झुडूप बर्फाच्या ओझ्यानं वाकतं, पुन्हा उठतं, असं वर्षानुवर्षं. त्यामुळे जमिनीकडच्या अंगाचं लाकूड लाल आणि घट्ट होतं, दाबाला दबत नाही. ते अंग धनुष्याच्या पोटाला घ्यायचं, नेम धरणाऱ्याकडे. सालीखालचं पांढरं लाकूड पाठीला ठेवायचं, आणि त्याला चाकू लावायचा नाही. एक ओरखडा पडला तरी तिथून तुटतं. लाकूड असं असलं की आखूड धनुष्यही न मोडता पुरेसं वाकतं.

आयलेवला हे पुस्तकाशिवाय माहीत होतं. लाल अंग पोटाला, पांढरी पाठ जशीच्या तशी. गाठी होत्या तिथे भोवती जास्त लाकूड सोडलंय. घाईत केलेलं काम नाही. कोणासाठी तरी मन लावून केलेलं आहे.

ते बघून हातातला चाकू खाली ठेवावा लागला.

६ मार्च

आज घाव बघितले.

वरची बाजू मी तासायला घेतली. माझा चाकू लाकडावर एका तिरकसपणे उतरतो, जुने घाव बरोबर उलट्या तिरकसपणाचे. आधी वाटलं मीच चुकतेय. मग आयलेवनं केलेला लापशीचा डाव आणला, दाताळ्याचा दांडा आणला. तिन्ही शेजारी ठेवले. डाव, दांडा आणि मी, तिघांचे घाव एकाच बाजूला. धनुष्याचे दुसऱ्या.

हे उजव्या हाताचं काम नाही. म्हणजे तिनं स्वतः तासलंय. माझ्या नावघरात! तो शेजारी बसून दाखवत असणार, असं धर, इथं थांब. मला त्यानं कधी चाकू धरायला शिकवलं नाही. मी आपली बघून बघून शिकले.

काही घाव फार वेडेवाकडे आहेत, शिकाऊ हाताचे. खालच्या बाजूला मात्र सरळ होत गेलेत. म्हणजे हे एका दिवसाचं नाही. पुष्कळ मंगळवारांचं आहे.

९ मार्च

चर्चला गेले. बाकावर बसले आणि आठवलं: शेवटच्या वर्षी आयलेव जागा बदलून बसायला लागला होता. इतकी वर्षं मी त्याच्या उजवीकडे बसायचे. मला डावीकडे सरकवून तो वाटेच्या कडेला बसू लागला. वाटेपलीकडे, एक ओळ पुढे, कोण बसतं? राग्ना.

बाहेर पडताना ती माझ्याजवळ आली, माझी बाही हुंगली. "इंगा, जुनिपरचा वास येतोय तुला," म्हणाली. आणि मग हळूच, "आयलेवच्या सदऱ्यांना असाच यायचा."

माझ्या नवऱ्याच्या सदऱ्याचा वास ही मला सांगते! चर्चच्या दारात!

मी निघाले. कबरीकडे वळले नाही.

१४ मार्च

मोन्सला सांगितलं, दगडावर एकच नाव. खाली जागा नको.

त्यानं हातातली टोपी टेबलावर ठेवली. "वहिनी, तो मेलाय," म्हणाला. "आता कसली शिक्षा करतेस त्याला?"

तुला काय माहीत आहे ते सांग, म्हटलं. त्याला काही माहीत नाही म्हणे. दादा त्या वर्षी त्याच्याशीही नीट बोलत नव्हता. बोटीवर बरोबर येऊ का विचारलं की अंगावर यायचा. मोन्स खोटं बोलत नव्हता असं वाटलं. पण मला हल्ली कोण खोटं बोलतंय ते कळत नाही. आयलेवचं कुठं कळलं?

बोट मात्र त्याला देते म्हटलं. मला ती डोळ्यांपुढे नको.

२० मार्च

जाळ्याच्या दोऱ्याची दोरी वळली, मेण चोळलं. न्हाणीतल्या खुंटीला मूठ अडकवून दोरीला वजन टांगते आणि लांब उभं राहून बघते, दोन्ही बाजू सारख्या वाकतात का. खालची बाजू ताठ होती. काचेच्या तुकड्यानं थोडं खरवडायचं, पुन्हा टांगायचं, पुन्हा बघायचं. जास्त गेलं तर परत लावता येत नाही.

मुठीला मी हात लावलेला नाही. ती पुरी झालेली आहे, वर बर्च झाडाची साल गुंडाळलेली. भलतीच जाड आहे. माझी बोटं पलीकडून अंगठ्याला भेटत नाहीत. थंडीत जाड हातमोजा घालून धरायला केली असेल. किती ती काळजी!

लाल भुकटी सगळ्या घरभर. खोटं कशाला लिहू, काम करताना बरं वाटतं. तो शेजारी असल्यासारखं वाटतं. मग आठवतं, तो कोणाच्या शेजारी होता ते.

२३ मार्च

आजही कबरीवर गेले नाही.

२६ मार्च

झालं. मेंढीची चरबी चोळली. पाठ हस्तिदंतासारखी, पोट तांबडं. ओढायला हलकं आहे आणि आवाज न करता वाकतं. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम हे निघावं!

नाही. तिघांनी.

२७ मार्च

गेले होते.

राग्ना कोणाच्या तरी चर्चमधल्या कन्फर्मेशनविधीचा पांढरा झगा शिवत होती. बस म्हणाली. मी बसले नाही. कापड सोडून धनुष्य तिच्या झग्यावरच ठेवलं. तेलकट डाग पडला तर पडो.

"हे कोणाचं, इंगा?"

"तुझं. राहिलं होतं, पुरं करून आणलंय. ओढ."

"मी कधी आयुष्यात—"

"ओढ म्हटलं ना."

ती उठली. मला वाटलं होतं तसंच, उजव्या हातात मूठ, डाव्यात दोरी. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, त्यासाठीच तर गेले होते. तिच्या चेहऱ्यावर लाज आली नाही. ती मुठीकडे बघत राहिली. हात पुन्हा पुन्हा आवळून पाहिला. मूठ तिच्या पंज्यात मावत नव्हती.

"ही माझी मूठ नाही गं," म्हणाली. "ही धरायला माझे दोन हात लागतील."

मी म्हटलं, घाव डाव्या हाताचे आहेत, कातडं डावखुऱ्याचं आहे, मंगळवार तुझे आहेत. सदरेही तुझेच. मूठ कोणाची मग?

ती खाली बसली. सुई शोधू लागली, जी तिच्या छातीवरच टोचलेली होती. मी त्याला शब्द दिला होता, म्हणाली.

"म्हणजे आहे काहीतरी."

"आहे," राग्ना म्हणाली. "पण तुला वाटतंय ते नाही. आजची रात्र दे मला, इंगा. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडायचाय."

मी धनुष्य तिथंच टाकून आले. वाटेत मोन्स बोटीला डांबर लावत होता. हाक मारली त्यानं. मी तशीच पुढे गेले.

२८ मार्च

राग्ना सकाळीच आली. बसली नाही. उभ्यानंच सांगितलं: तो गेला त्या वर्षीच्या वसंतापासून आयलेवच्या उजव्या हातातला जीव जात चालला होता. बटण लागेना, चमचा ठरेना. मी वाढायला उठले की तेवढ्यात तो खाऊन घ्यायचा. चर्चमध्येही तो हात माझ्यापासून लांबच्या बाजूला ठेवायचा. मंगळवारी तिच्याकडे डाव्या हातानं करायला शिकत होता — गाठ मारायची, चाकू धरायचा. धनुष्य त्यानं स्वतःसाठीच केलं. आखूड आणि हलकं, कारण मोठं पेलत नव्हतं. मूठ जाड, कारण बारीक काही त्या हातात राहत नव्हतं.

मोन्सकडे जाऊन आले. दगडावर दोन नावं.

इंगाला सांग म्हणून राग्ना आयलेवच्या मागे लागली होती. तो म्हणाला, "इंगाला कळलं तर बोट विकायला लावेल."

लावलीच असती.