साखराचे कान

औरंगाबाद,
ता. २ फेब्रुवारी २००४

ती. अक्कास, सिदूचा दंडवत. वि. वि.

मी खुशाल हाय. बोअरची गाडी सोडली. कावून, तर आठशे फूट खाली गेलं तरी धुरळाच वर येतो, आन गावातली माणसं आपल्याकडंच खुन्नसनं बघतात, जसं पाणी आमीच पिऊन टाकलं. वर मालक तिन्ही टाईम भात घालायचा. आता इथं एका मोठ्या दवाखान्याच्या कँटीनवर हाय, वॉर्डात चहा पोचवतो. किती दिवस, ते विचारू नको.

आपल्या गावचा पंडित स्टँडवर भेटला. म्हणला, उसाला पाणी न्हाई म्हणून साखर कारखान्याचा पट्टा यंदा लवकरच पडला, ऊसतोड थांबली, दाजी कोयता घेऊन घरी आलेत, आन दिवसभर तुझ्या साखराच्या कानापाशी टाळ्या वाजवतात. पोरगी बघत न्हाई, की टाळी तुझ्या थोबाडावर. दात पाडला म्हणं. अक्का, मला कळवलं का न्हाई? मी आलो तर दाजींचं डोकं फुटंल, म्हणून येत न्हाई. पण एक सांगतो.

इथं लहान लेकरांचे कान तपासायची मशीन हाय. लेकरू झोपवायचं, कपाळाला आन कानामागं तारा चिकटवायच्या, कानात टकटक आवाज सोडायचा. आवाज मेंदूत पोचला की पडद्यावरच्या रेघेला टेकाड येतं. लेकरानं मान वळवायचं काम न्हाई, बोलायचं न्हाई. चहा देताना मी सोता बघितलं. कपबशी आपटली म्हणून तिथल्या बाई लई ओरडल्या मला. साखराला घेऊन ये.

हाय तशी माया ऱ्हाऊ दे.

तुझा, सिदू


शिरूर कासार,
ता. १० फेब्रुवारी

चि. सिदूस अक्काचा आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. नवी नोकरी उन्हाळाभर टिकली तर मी गावात गूळ वाटीन.

दात पडला ते खरं हाय. पण मी त्यापायी रडायचं सोडून दिलं. सासूबाई म्हणतात पोरगी ऐकती, कारण त्यांनी फरशीवर थाळी आपटली की साखरा दचकती. हे म्हणतात बहिरी हाय, तुझ्या माहेराकडचं रगत. मला वाटतं ती फरशीच्या हादऱ्यानं दचकत आसंल. चूल पेटवताना मी मागून हाका मारते, तवा ती बघतच न्हाई.

तुझी मशीन ह्यांना सांगितली. म्हणले, जा, एका दिवसात परत ये. पण मशीननं बहिरी सांगितली तर पोरीला कोरड्या हिरीत टाकीन, दगड म्हणून तेवढीच भर पडंल. सासूबाई ऐकून शेंगा फोडत बसल्या. सिदू, हा माणूस नुसता बोलत न्हाई. म्हशीनं दूध चोरलं तवा त्यानं तिचं शिंग पहारीनं मोडलं हुतं.

तरी येते. मला माझी लेक कशी हाय ते कळू दे.

जेवत जा. नुसत्या चहावर ऱ्हाऊ नको.

तुझी, अक्का


औरंगाबाद,
ता. १ मार्च

ती. अक्कास, दंडवत. वि. वि.

साखराची तपासणी करून तू गाडीत बसलीस आन मी दुसऱ्या दिवशी रिपोर्टसाठी डॉक्टरीणबाईंना भेटलो. झोपायचं औषध पाजूनबी साखरानं दुपारपतोर सगळ्यांना नाचवलं, ते त्यांच्या ध्यानात हुतं. हसल्या. मग हसायच्या थांबल्या.

अक्का, दोन्ही कानांची रेघ सपाट हाय. लई मोठा आवाज सोडला तरी टेकाड न्हाई. बाई म्हणल्या, ह्यात आईची काय चूक न्हाई. कानात घालायची मशीन लगेच बसवायची, तेवढ्यानं भागलं न्हाई तर पुढं ऑपरेशन बी आसतं. बोलायला शिकायचं वय हेच हाय, वाया घालवू नका.

दाजींना मी निराळं कार्ड टाकलं. त्यात लिवलं, साखराला ऐकू येतं, मशीननं सांगितलं. हिरीचं मी विसरलो न्हाई. तू तोंड मिटून ऱ्हा, कायतरी निमित्त काढून पोरीला परत इकडं आण.

कँटीनवाल्याशी भांडण झालंय, पण तू येईपतोर टिकतो.

माझा राग आला तरी धाकटा समजून माया कर.

सिदू


परळी वैजनाथ,
ता. ९ मार्च

चि. सिदूस आशीर्वाद. वि. वि.

तुझं कार्ड आधी आलं. पाकीट दोन दिवसांनी आलं. मधल्या दिवसात काय झालं ते वाच.

कार्ड वाचून हे नाचले. सिदू, मीबी नाचले. मला कुठं ठावं! सासूबाईंनी तोंडात गूळ घातला. मग ह्यांनी आळी गोळा केली. मशीन कशाला, मीच दावतो म्हणले, आन लिंबाला बांधलेल्या साखराच्या झोळीजवळ सुतळी बॉम्ब ठेवला. मी अडवलं न्हाई. मी हसत उभी हुते.

बॉम्ब फुटला. आमी सगळ्यांनी कानावर हात धरले हुते. साखरा पायाचा अंगठा चोखत वर फांदीकडं बघत हुती. मग झोळीला ठिणगी लागली, मांडी पोळली, तवा ती रडली.

कुणीतरी फिसकन हसलं. चार माणसात आपलं हसं झालं म्हणून ह्यांनी तिला त्याच भाजलेल्या पायाला धरून उचललं आन हिरीकडं निघाले. सासूबाई आडव्या पडल्या, त्यांना लाथ घातली. मी कोयता घेतला. धार वळवून पाठ घातली ह्यांच्या मनगटावर. हाड मोडलेलं मला ऐकू आलं. लेक पडायच्या आधी मी झेलली आन तशीच स्टँडकडं पळाले. पाकीट वाटंतच पोस्टमननं हातात दिलं, ते मी यष्टीत वाचलं.

आता भिवराबाई मावशीकडं हाय. मांडीला फोड हाय, पण दूध पिती. मावशी म्हणती, सिद्याला दोन टोले द्यायला पायजेत. ते मी देणारच हाय. तू माझ्यासाठी खोटं लिवलंस ते कळतं मला. पण तो बॉम्ब तुझ्या कार्डानंच पेटला, हेबी तू ऐकून घे.

सोमवारी येते. डॉक्टरीणबाईंकडं नंबर लावून ठेव. तवर कँटीन सोडलंस तर बघ.

आन हे हातात प्लास्टर घालून तिथं आले तर ह्या खेपेला खरं सांग. पोरगी बहिरी हाय, आन मी यायची न्हाई.

माया हाय, ती कुठं जाती.

तुझी, अक्का